झोप नाही

मंगळवारची ओपीडी, खोली नंबर अकरा.
मी स्टुलावर, टेबलाच्या कोपऱ्याशी,
कारण डॉक्टर लातूरचे
आणि सोलापूरला दुखतं चार भाषांत.

निद्र पट्टट्लेदु, म्हणतात आमच्या साखर पेठेतले.
निद्दी बरवल्दु, अक्कलकोटकडून आलेले.
नींद नै आती, बेगम पेठ.
तेलुगूत झोप पकडत नाही, कानडीत येत नाही,
मराठीत लागत नाही, जशी भूक लागते, ठेच लागते.
केसपेपरवर मात्र सगळ्यांची एकच ओळ: झोप नाही.

आधी मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होते.
भोक कुणालाही दिसतं.
ताण्याचा धागा तुटला की बाण्याचा चुकला,
ते बोट फिरवल्यावर कळतं.

डॉक्टर विचारतात, मी विचारते.

अंबव्वा, विडी घरकुल.
विड्यांची जुडी बांधताना एकदम छाती धडधडते,
हातापायांना मुंग्या, आता मेलेच.
दहा मिनिटांत सगळं शांत.
हृदयाच्या तीन पट्ट्या काढून झाल्या, तिन्ही चांगल्या.
झोपायचं का नाही? झोपेत पुन्हा तसं झालं तर?
ती आता मरणाला कमी भिते,
त्या दहा मिनिटांना जास्त.

महानंदा हिरेमठ.
नळाला पाणी चौथ्या दिवशी,
हिची टाकी दुसऱ्या दिवशी रिकामी.
हात कोपरापर्यंत सोललेले.
स्वच्छ झाले हे कळत नाही का?
कळतं की, म्हणाली, कळतंच.
कळून थांबता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?

जोडभावी पेठेतला समीर, वय एकवीस.
मागाच्या खडखडाटात त्याला त्याचं नाव ऐकू येतं.
मी हसून म्हणाले, मलाही यायचं, पहिल्या वर्षी.
डॉक्टर हसले नाहीत.
विचार, लाईट गेल्यावर?
समीरनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
लाईट जाने के बाद साफ आता है.

अंबादास येमूलला झोप नको आहे.
तक्रार त्याच्या बायकोची.
पाच रात्री जागा, तरी ताजा,
बयाणा देऊन आला आठ मागांचा,
खिशात पैसे रिक्षापुरते.
मालक झालोय, म्हणतो, तुम्हालाही घेतो कामाला.
डॉक्टर बायकोला विचारतात, याच्या आधी कसा होता?
आधी? गेल्या गड्ड्यापासून तीन महिने
भिंतीकडे तोंड करून पडलेला.
तेव्हाच्या गोळ्यांची चिठ्ठी तिच्या पिशवीत होती.
डॉक्टरांनी ती वाचली,
जुन्या केसपेपरवरचा एक शब्द खोडला,
पेन बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

आता माझी चूक सांगते.

नरसय्या वंगा, चादरीचे जुने कारागीर.
म्हणाले, गुंडे बरुवुगा उंदि.
मी घाईत होते, बाहेर चाळीस जण.
म्हटलं, छाती जड वाटते.
गुंडे म्हणजे छातीही, काळीजही,
मी त्यातलं एकच उचललं.
त्यांना खाली पाठवलं, पट्टी काढायला.
पट्टी चांगली आली. ते घरी गेले.
चार महिने आले नाहीत.

परवा आले. सदरा खांद्यावरून ओघळलेला.
या वेळी मी शब्द उचललाच नाही,
तेलुगूतच टेबलावर ठेवला, म्हटलं, डॉक्टर,
हा दोन अर्थांचा आहे, दोन्ही ऐका.

मग प्रश्न. भूक? नाही.
नातू आला की बरं वाटतं?
आलेला कळतो.
मागावर बसावंसं वाटतं?
त्यांनी स्वतःचे हात पाहिले, दुसऱ्याचे असल्यासारखे.
झोप लागते?
लागते. टिकत नाही.

पुढचा प्रश्न डॉक्टरांनी विचारायचा होता.
मीच विचारला, तेलुगूत, हळू:
पहाटे साडेतीनला जाग येते का,
आणि मग पंख्याकडे बघत उजाडायची वाट पाहता,
आणि उजाडलं की आणखी वाईट वाटतं?

नरसय्यांनी पहिल्यांदा मान वर केली.
तुला कसं कळलं गं, म्हणाले.

काय म्हणतात? डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, हो म्हणतात.